न दिलेल्या उत्तरावरचा कर

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. हे प्रकरण कोणत्या वर्षी घडले तो उल्लेख संपादकांनी गाळला आहे, कंपनीचे नावही गाळले आहे. दोन्ही गोष्टींना मी लेखी निषेध नोंदवून संमती दिली. दिवस मात्र मी सोडणार नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात दिवस सणावारांवरून लक्षात राहतात, आणि ते कोणाला गाळता येत नाहीत.

अक्षय्य तृतीया : अमेरिकेतील चौकशी अधिकाऱ्यांनी पाठवलेले पाकीट वारंगा फाट्याजवळील आमच्या कारखान्याच्या फाटकावरून न घेता परत. जबाबदार, कंपनीचे अध्यक्ष. मृग निघण्याच्या आधीचा आठवडा : 'उत्तर पाठवू, गावात पेरणी करा म्हणून सांगा,' असे संचालकांच्या बैठकीत आश्वासन. जबाबदार, अध्यक्ष व त्या वेळी मान हलवणारे सर्व संचालक. वटपौर्णिमा : मागून घेतलेली वाढीव मुदत उत्तर न देता संपली. जबाबदार, अध्यक्ष आणि नांदेडचे कायदा सल्लागार. पोळा : निकाल. याला परदेशी अधिकारी जबाबदार आहेत असे कंपनी म्हणते. मी तसे म्हणत नाही. पोळ्याची कर, म्हणजे दुसरा दिवस : ज्यांच्या शेतात पीक उभे होते त्यांना हे सांगितले गेले. सांगणारा मी होतो. कंपनीने त्यांना आजतागायत काहीही सांगितलेले नाही.

आता खुलासा करतो. निवृत्त होईपर्यंत मी या कंपनीच्या निर्यात विभागाचे काम पाहिले. त्याआधी कायद्याची पदवी घेऊन सेनगावच्या न्यायालयात थोडी वकिली केली होती, म्हणून कंपनीत आणि खेड्यांतून मला 'वकीलसाहेब' म्हणत. कंपनी सोयाबीनचे तेल काढते. तेल काढल्यावर जे उरते ती पेंड, आणि खरा धंदा पेंडीचा आहे. नेहमीच्या पद्धतीत रसायन वापरून तेल काढतात. परंतु एक लहान यंत्र आम्ही वेगळे ठेवले होते. त्यात रसायन नाही, नुसता दाब. त्यातून निघणारी सेंद्रिय पेंड अमेरिकेला जात असे. तिथे काही कोंबड्यांची अंडी 'सेंद्रिय' म्हणून विकली जातात, आणि त्यासाठी कोंबडीने खाल्लेला प्रत्येक दाणासुद्धा सेंद्रिय असावा लागतो.

असा दाणा बाजारात मिळत नाही, तो पिकवून घ्यावा लागतो. सेनगावच्या पुढे जीपने जावे लागते अशा एका गावात त्यासाठी शेतकऱ्यांचा गट उभा राहिला. गावाचे नाव देत नाही, कारण तिथला माल अजून विकायचा आहे. गटाच्या प्रमुख रुख्मिणबाई पाईकराव. पती वारल्यानंतर कोरडवाहू जमीन स्वतः करणाऱ्या, विहारातील बैठका चालवणाऱ्या, आणि बोलण्यात कोणाची भीड न ठेवणाऱ्या. फवारणी सोडल्यावर तीन वर्षे थांबावे लागते, मगच माल अमेरिकेत सेंद्रिय म्हणून चालतो. त्या तीन वर्षांत पीक कमी येते आणि भाव तोच मिळतो. ही तीन वर्षे गावातील इतर घरांना रुख्मिणबाईंनी आपल्या शब्दावर काढायला लावली. त्यात नामदेवबापू नावाचे एक वयस्क शेतकरी होते. ते गटात सर्वांत शेवटी आले आणि सर्वांत जास्त बोलत.

अमेरिकेतील खरेदीदाराचा प्रतिनिधी एकदा पाहणीस आला होता. उंच, अबोल गृहस्थ. भर उन्हात शेतांतून हिंडला आणि प्रत्येक घरी एकच गोष्ट दाखवा म्हणाला, फवारणीचा पंप. मी दुभाषाचे काम करीत होतो.

"पंप न्हाई आमच्याकडं," रुख्मिणबाई म्हणाल्या. "शेजाऱ्याकडं हाये. त्याचं औषध उडून येऊ नये म्हून आमी धुऱ्याला तुरीचं आडं लावलंय. दाखवा त्याहीले."

त्याने बांधावरच्या तुरीच्या ओळी पाहिल्या, पावलांनी अंतर मोजले, समाधानाने मान हलवली. मग रुख्मिणबाईंनी मला विचारले, "वकीलसाहेब, ह्या पेंडीचं तिकडं करतेत तरी काय?"

"कोंबड्यांना घालतात."

"कोंबड्याले?" त्या म्हणाल्या. "आन कोंबडी बी इचारती का, फवारा मारलाय का न्हाई म्हून?"

"तिथं कोंबडीला तरी इचारतेत," नामदेवबापू बाजेवरून म्हणाले. "आपल्याकडं माणसाला कोन इचारून राहिलंय?"

सगळे हसले. प्रतिनिधीने हसण्याचे कारण विचारले. मी भाषांतर केले नाही. माझ्या नोकरीतील तो चांगला दिवस होता, आणि तो येथे एवढ्यासाठी लिहिला की पुढे काय गमावले ते वाचकांना कळावे.

आता कायदा. तो समजून घेतल्याशिवाय पुढचे लाजिरवाणे का आहे हे कळणार नाही.

एखादे सरकार आपल्या निर्यातदारांना मदत करते. विजेत सवलत, करात सवलत, निर्यातीवर प्रोत्साहन. माल त्यामुळे स्वस्त पडतो आणि दुसऱ्या देशातील उत्पादक ओरडतो की ही स्पर्धा नाही. या तक्रारीला दोन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा जिनिव्हात. तिथे देश देशाविरुद्ध उभा राहतो. साखरेच्या निर्यातीवरील मदतीबद्दल आपल्या देशाला तिथे खेचले गेले आहे, निर्यात सवलतींबद्दलही खेचले गेले आहे. निकाल विरुद्ध गेला की अपील करायचे. आणि सध्या तिथली गंमत अशी की अपील ऐकणारे मंडळच रिकामे आहे. नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या आहेत, आणि त्या अडवणाऱ्यांत अमेरिकाच पुढे आहे. त्यामुळे अपील दाखल होते आणि तसेच पडून राहते.

दुसरा दरवाजा अगदी वेगळा. तिथे देशाचा संबंध कमी, कंपनीचा जास्त. अमेरिकेतील पेंड उत्पादकांनी त्यांच्याच सरकारकडे अर्ज केला की भारतातून येणारी सेंद्रिय पेंड सरकारी मदतीवर स्वस्त झालेली आहे. तिथले अधिकारी स्वतः चौकशी करतात, मदत किती हे मोजतात आणि तेवढा कर त्या मालावर बसवतात. त्याला प्रतिशुल्क म्हणतात. तिथे न्यायाधीश नाही, उलटतपासणी नाही, पुढची तारीख नाही. कागद पाठवतात, ठराविक दिवसांत उत्तर मागतात. उत्तर आले तर त्यावरून हिशेब करतात. आले नाही तर कायदा त्यांना अधिकार देतो की गप्प बसणाऱ्याने तक्रारीतील जवळजवळ प्रत्येक योजनेचा लाभ घेतला असे धरावे. मग ज्या योजनांची नावेसुद्धा आम्ही ऐकली नव्हती त्या आमच्या खात्यावर चढतात.

आम्ही मदत घेतलीच नव्हती असे मी म्हणत नाही. विजेत सवलत होती, निर्यातीवरचे प्रोत्साहन होते. ते उघड होते, कायदेशीर होते, आणि सांगण्यासारखे होते. अमेरिकाही आपल्या शेतकऱ्यांना भरघोस मदत देते, हेही उघड आहे. त्याबद्दल मी दिल्लीला आणि तिकडच्या वकिलातीला स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत. परंतु तो या लेखाचा विषय नाही. या लेखाचा विषय आमचे फाटक आहे.

अक्षय्य तृतीयेला कारखान्यात नव्या गोदामाचा मुहूर्त होता. पूजा आटोपून अध्यक्षांच्या खोलीत आम्ही बसलो होतो. अध्यक्षांना सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात, मीही म्हणत असे. फाटकावरून रखवालदाराचा फोन आला की कुरिअरवाला सही मागतो आहे, पाकीट परदेशातून आलेले आहे आणि सरकारी दिसते.

"सरकारी असल तर घेऊ नका," भाऊसाहेबांनी फोनवर सांगितले. "साहेब गावाला गेले म्हणावं."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, हे समन्स नाही. पेंडीची चौकशी सुरू झाल्याचे खरेदीदाराने कळवले आहे, तेच असणार. पाकीट घेतले नाही तरी मुदत चालू होते."

"वकील, तुमी सेनगावच्या कोर्टात शिकले तरी काय?" ते हसत म्हणाले. खोलीतले इतरही हसले. "बजावणीच झाली न्हाई तर केस उभी राहती का?"

हे विधान मूर्खपणाचे नव्हते, आणि हे मी आजही मान्य करतो. आमच्या भागात कायद्याशी वागण्याची ही पद्धत आहे आणि ती बहुतेक वेळा चालते. बेलीफ गावात शिरला की माणूस मागच्या दाराने बहिणीच्या गावाला जातो. माझ्या वकिलीच्या दिवसांत एक पक्षकार होता. बेलिफाने त्याच्या दाराला समन्स चिकटवले, तर त्याने त्याच दिवशी दाराला हिरवा रंग दिला आणि समन्स रंगाखाली गेले. पुढे न्यायालयात तो शपथेवर म्हणाला की दारावर मला कागद दिसला नाही. ते अक्षरशः खरे होते. बांधाचा तो दावा इतका रेंगाळला की दावा लावणाऱ्या त्याच्या भावाने कंटाळून तडजोड केली. मग बजावणी चुकवणे, तारीख घेणे, समोरच्याला दमवणे याला लोक हुशारी म्हणू लागतात. आम्ही वकीलच त्यांना तसे म्हणायला शिकवतो.

परंतु तिकडे कुरिअर कंपनीच्या नोंदीत 'स्वीकारण्यास नकार' असे उमटले, आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तो पुरावा ठरला. आमच्याकडे ज्या नकाराने दावा थांबतो, त्याच नकाराने तिकडे तो सोपा झाला.

पाकिटातील कागदाची प्रत खरेदीदाराने मला संगणकावर पाठवली. मला वाटले होते की वीज, कर्ज, जमीन, सगळ्याचा जाब मागितला असेल. तो पहिला कागद एका पानाचा होता. मागच्या वर्षी किती पेंड पाठवली, एवढेच विचारले होते. उत्तर देणाऱ्यांतून ते मोजक्या मोठ्या निर्यातदारांना निवडतात आणि त्यांची सविस्तर तपासणी करतात. जे लहान आहेत पण ज्यांनी पान भरून दिले आहे, त्यांना मोठ्यांच्या हिशेबातून निघणारा दर लागू होतो. आम्ही लहान होतो. आम्हांला एक पान भरायचे होते.

मी ते भरले. मुदत जवळ आली होती म्हणून थोडा वेळ मागणारा अर्जही पाठवला, आणि तो मंजूर झाला. त्यानंतर संचालकांच्या बैठकीत मी पान सर्वांसमोर ठेवले. भाऊसाहेबांनी ते वाचले नाही. मुदत वाढल्याचे ऐकून मात्र ते खूश झाले.

"बघा, तारीख भेटली न?" ते इतरांना म्हणाले. "म्हंजे तिकडं बी आपल्यासारखंच हाये."

"भाऊसाहेब, ही तारीख नाही. ही शेवटची मुदत आहे."

"पाठवू न उत्तर. मी न्हाई कवा म्हणलं?" ते म्हणाले. "मृग तोंडावर आलाय. तुमी आधी गावात जा. पेरा म्हणावं. कंपनी माल घेणार, भाऊसाहेबाचा शब्द हाये म्हणून सांगा."

संचालकांनी माना हलवल्या. त्या बैठकीच्या इतिवृत्तात हे वाक्य नाही. वाक्य उच्चारले गेले, याला मी साक्षीदार आहे आणि ते पाच संचालक साक्षीदार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. विहारासमोरच्या लिंबाखाली गट बसला. चौकशी सुरू झाली आहे, कागद आला आहे, उत्तर तयार आहे आणि जाणार आहे, हे मी जसे होते तसे सांगितले. काही लपवले नाही. रुख्मिणबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"वकीलसाहेब, हे तुमी सांगून राहिले का कंपनी सांगून राहिली?"

"दोघेही."

"तुमचं आमी ऐकलं," त्या म्हणाल्या. "कंपनीचं तुमच्यावर."

नामदेवबापूंनी विचारले, "उत्तर गेलंय का जानार हाये?"

"जाणार आहे."

"मंग मी बी पेरनार हाये," ते म्हणाले. लोक हसले. त्यांनी सर्वांत आधी पेरले.

वटपौर्णिमेच्या आधी नांदेडहून कायदा सल्लागार आले. दिवाणी कायद्यात त्यांचा दबदबा आहे, आणि त्या कायद्यापुरते त्यांचे म्हणणे बिनचूक होते. उत्तर दिले म्हणजे हजेरी लावली, आणि हजेरी लावली म्हणजे त्या परदेशी अधिकाऱ्याचे अधिकारक्षेत्र मान्य केले, असे ते म्हणाले. एक पान दिले की उद्या सगळी कपाटे उघडायला सांगतील. मुदत मागणारा अर्ज कोणाला विचारून पाठवला, असा प्रश्न त्यांनी मला केला.

"अधिकारक्षेत्र त्यांच्या बंदरावर आहे," मी म्हणालो. "आपला माल तिथे उतरतो. आपण हजर असलो काय, नसलो काय, कर मालावर बसणार आहे."

"सरकारनंच जिनिव्हाला अपील टाकून ठेवलंय न?" भाऊसाहेब म्हणाले. "तिथं ऐकणारा जज्जच न्हाई म्हणतेत. बसू द्या की पडून. सरकार घाबरत न्हाई, आपुन काहून घाबरायचं?"

दोन दरवाजे वेगळे आहेत हे मी पुन्हा सांगितले. कागदावर आकृती काढून सांगितले. संध्याकाळी लेखी टिपण दिले. ते 'पाहिले' असा शेरा मारून परत आले. पान गेले नाही. मुदतीचा अर्ज मी विभागातर्फे केला होता, परंतु आकड्यांच्या त्या पानावर कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार माझा नव्हता, आणि अधिकार नसताना सही करणे हा गुन्हा आहे. मी गुन्हा केला नाही.

पोळ्याच्या दिवशी निकालाची प्रत आली. ज्या निर्यातदारांनी पान भरून दिले होते त्यांच्यावर सोसण्यासारखा कर बसला. त्यांत शेजारच्या राज्यातील एक कारखाना होता. आमच्याच आकाराचा, आमच्यासारख्याच सवलती घेणारा. त्यांची पेंड आजही जाते. आमचे नाव उत्तर न देणाऱ्यांच्या यादीत होते, आणि आमच्यावरचा दर मालाच्या मूळ किमतीहून कितीतरी वर होता. खरेदीदाराने त्याच रात्री कळवले की यापुढे एक पोतेही घेता येणार नाही. मदत किती घेतली याच्याशी त्या दराचा काही संबंध नव्हता. तो गप्प बसण्यावरचा दर होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात माणसे घरी असतात. बैलांच्या शिंगांचे रंग ताजे होते. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन फुलोरा संपवून शेंगा धरू लागले होते. मी निवृत्तीला आलेला, पांढऱ्या केसांचा माणूस. जीपमधून उतरताना लिंबाखालची माणसे दिसली आणि मला परत फिरावेसे वाटले. सांगताना मी वाक्ये कायद्याच्या भाषेत बांधत राहिलो. ती लांबत गेली. शेवटी रुख्मिणबाईंनीच मला थांबवले.

"म्हंजे उत्तर गेलं न्हाई."

"नाही."

कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर माझी सोय झाली असती, मीही चढवला असता. नामदेवबापूंनी तंबाखू मळता मळता विचारले, "एका पानाचं उत्तर व्हतं म्हणता?"

"एका पानाचे."

"मंग आमच्याकडं द्याचं व्हतं. शाळेतल्या पोरीनं भरून देलं असतं." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "आमेरिकेला भाऊसाहेबाचा पत्ता बराबर सापडला. भाऊसाहेबाला आमच्या गावाचा सापडत न्हाई."

रुख्मिणबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे लोक माझ्या शब्दावर आले. मी तुमच्या शब्दावर आले. तुमी भाऊसाहेबाच्या. आता भाऊसाहेब कोणाच्या शब्दावर हाये, तेवढं इचारून या."

मग त्यांनी चहा टाकला. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "घ्या. च्याचं काय चुकलं?"

भाऊसाहेब कोणाच्या शब्दावर आहेत, या प्रश्नाचे उत्तर आणण्यासाठी मी दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेबांकडे गेलो. गटासमोर येऊन दोन शब्द बोला, अशी विनंती केली. ते म्हणाले, "वकील, तुमी हाये न तिकडं. तुमचं ऐकतेत ते." माझी लाज नेमकी इथे आहे. मी खोटे बोललो नाही, तरी माझ्या तोंडातून निघालेले वाक्य खोटे ठरले. त्या गावाने ते माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून ऐकले होते, आणि कंपनीला हे पूर्ण ठाऊक होते. माझा चेहरा हीच कंपनीची तिथली पत होती. ती त्यांनी खर्च केली. अब्रूनुकसानीचा दावा लावता येईल का हे मी तपासले. लावता येत नाही, कारण माझी बदनामी कोणीही शब्दांत केलेली नाही.

दसऱ्यानंतर माल हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात गेला. मी मुद्दाम हजर राहिलो. सेंद्रिय मालाची पोती गटाने वेगळी शिवली होती, प्रत्येक पोत्यावर शेताचा क्रमांक होता. अडत्याच्या माणसाने एक एक पोते उसवून मोठ्या ढिगावर ओतले. वर ओतलेला दाणा आणि ढिगातला दाणा क्षणभर वेगळे ओळखू येत होते, मग हमालाने फावडे फिरवले. रुख्मिणबाई बाजूला उभ्या होत्या.

"तीन वर्सं येगळं ठिवलं," त्या एवढेच म्हणाल्या, आणि रिकामी पोती घडी घालून घेतली.

पुढच्या हंगामात गटातील बहुतेक घरांनी फवारणीचे पंप पुन्हा विकत घेतले. नामदेवबापूंनीही घेतला. मला पाहून ते म्हणाले, "कोंबड्याला सांगा, माफ कर म्हणावं." रुख्मिणबाई आणि आणखी काही घरे थांबली. त्यांनी फवारणी केली नाही आणि दरवर्षीची तपासणी चालू ठेवली. काहून, असे मी विचारले तर म्हणाल्या की सोडायला एक दिवस लागतो, परत यायला तीन वर्षे.

मी निवृत्त झालो तेव्हा कारखान्यात निरोप समारंभ झाला. भाऊसाहेबांनी भाषणात सांगितले की वकीलसाहेबांनी कंपनीची बाजू जगासमोर मांडली. टाळ्या झाल्या. शाल मी नाकारली, असे येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी ती घेतली. ती कपाटात आहे, आणि पत्नीने ती वापरायला काढली की मी दुसरीकडे पाहतो.

त्यानंतर अध्यक्षांना, संचालकांना, कंपनी निबंधकांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि दिल्लीच्या मंत्रालयाला मी जी पत्रे लिहिली त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पोचपावत्याच आहेत. उत्तर एकाचेही नाही. हे सगळे मी दिवाळी अंकात लिहीत आहे याचे कारण राग एवढेच नाही. एक मुदत अजून संपलेली नाही.

जो दर बसला तो कायमचा नसतो. ज्या कंपनीवर तो बसला ती दरवर्षी ठराविक महिन्यात अर्ज करू शकते की आमची नव्याने तपासणी करा. या वेळी खरे आकडे पाहा आणि खरा दर लावा. त्याला एक अट आहे. ज्या वर्षाची तपासणी मागायची त्या वर्षात किमान एक खेप तिथल्या बंदरात उतरलेली असली पाहिजे. ती खेप जुन्या चढ्या दराने अनामत भरून उतरवावी लागते, आणि तपासणीत दर खाली आला तर फरक परत मिळतो. जुन्या खरेदीदाराशी मी खासगी पत्रव्यवहार केला. अनामतीची जोखीम कंपनीने त्याच्याबरोबर वाटून घेतली, आणि या वेळी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्याची लेखी हमी दिली, तर एक खेप घेण्याची त्याची तयारी आहे. त्याचे पत्र मी भाऊसाहेबांना स्वतः नेऊन दिले. ते म्हणाले, "ठेवा, बघतो."

खेप वर्ष संपण्यापूर्वी उतरायची तर जहाजाचा वेळ धरून ती दिवाळीच्या मागोमाग निघाली पाहिजे. त्याआधी दाणा दाबयंत्रात गेला पाहिजे. त्याआधी तो गावातून उचलला गेला पाहिजे. या वर्षीचा दाणा रुख्मिणबाईंच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला आहे. इतर घरांचाही तिथेच आहे, म्हणून त्या स्वतः ओसरीत झोपतात. मोंढ्यात भाव उतरतो आहे आणि अडते रोज निरोप पाठवतात. गेल्या आठवड्यात रुख्मिणबाईंचा फोन आला.

"वकीलसाहेब, इकू का ठिवू?"

"मी काय सांगू, बाई?"

"तुमी नका सांगू," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून आता आमाला काई ऐकायचं न्हाई. राग न्हाई तुमच्यावर. पर ज्यानं सांगायचं त्यानंच सांगावं."

त्यांचे म्हणणे योग्य आहे, आणि म्हणून मी त्यांच्या वतीने उत्तर मागत नाही. मी या कंपनीचा माजी अधिकारी आणि या प्रकरणातील साक्षीदार या नात्याने मागतो. अध्यक्षांनी हा अंक वाचकांच्या हाती पडल्यापासून आठ दिवसांच्या आत त्या गावी जावे. विहारासमोर, गटाच्या सर्व घरांसमोर उभे राहून तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या तोंडाने द्यावीत. पेरा असा शब्द दिल्यानंतर ते एक पान का पाठवले नाही. या वर्षी एक खेप पाठवून तपासणी मागणार की नाही. आणि मागणार असाल तर या वेळी उत्तरे देणार की नाही.

कायदा सल्लागारांना सोबत आणण्यास हरकत नाही. मला पाठवू नये, मी जाणार नाही. उत्तर 'नाही' असले तरी ते गाव ऐकून घेईल आणि त्याच दिवशी माल मोंढ्याकडे निघेल. गावाने पूर्वी याहून वाईट ऐकून घेतलेले आहे. मात्र भाऊसाहेब, त्या बाईंनी विचारलेला प्रश्न आता तुमच्याकडे आहे, आणि तो मी सर्वांसमोर तुम्हांला विचारतो. त्यांनी दाणा विकावा की ठेवावा?